पित्ताशय काढल्यावर कोल्हापुरी घरात काय शिजवायचं

पित्ताशय काढलं म्हणजे पित्त बंद झालं, असं नाही. ते यकृतात तयार होतं, दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर, आणि ऑपरेशननंतरही होत राहतं. गेली ती फक्त साठवणीची पिशवी. तेलकट खाल्लं की ती आकसून दाट पित्त एकदम सोडायची; आता पातळ पित्त सतत आतड्यात उतरत राहतं. म्हणून ह्यांच्या ऑपरेशननंतर मी एकच नियम धरला: तेल-तूप एका वेळी थोडं आणि दिवसभरात विभागून.

सुरुवातीला मऊ भात, मुगाचं वरण, दुधी-दोडका, लोणी काढलेलं ताक. दोन भरपेट जेवणांऐवजी चार-पाच वेळा थोडं थोडं.

बाटलीतून थेट कढईत तेल ओतायचं नाही. चहाच्या चमच्यानं मोजायचं; एक चमचा म्हणजे ५ मिली. चौघांच्या भाजीला दोन चमचे पुरतात, मोहरी छान तडतडते. भेटायला येणारं प्रत्येक माणूस सांगतं, ‘आता जन्मभर तूप बंद.’ ऐकू नका. अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वं स्निग्धाशिवाय नीट अंगी लागत नाहीत. वरणभातावर अर्धा चमचा तूप सोसलं, की काही दिवसांनी एक चमचा करा.

नाश्ता झाला न झाला तोच पळावं लागतं, हा त्रास अनेकांना होतो. जादा पित्ताम्लं मोठ्या आतड्यात उतरली की जुलाब होतात. उपाशीपोटी चहा-कॉफी नको. ओट्स, सफरचंद, इसबगोल यांतला विरघळणारा चोथा पित्ताम्लांना धरून ठेवतो. इसबगोल ग्लासभर पाण्यात कालवून लगेच प्यायचं. चोथा मात्र हळूहळू वाढवा, नाहीतर पोट फुगतं. हरभरा, राजमा, कोबी उशिरा.

आता मटण, कारण आमच्याकडे प्रश्न तिथेच अडतो. डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच करा. चरबी काढलेलं मटण हळद, मीठ, आलं-लसूण लावून शिजवा आणि अळणी, म्हणजे मटण शिजलेलं पाणी, गाळून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी वर पांढरट थर गोठलेला दिसेल. कडेनं चमचा घालून तो पापुद्र्यासारखा अख्खा उचला आणि टाकून द्या. खालच्या अळणीत भाजलेल्या कांद्याचं वाटण आणि बेतानं कांदा-लसूण चटणी घालून उकळा. कट, म्हणजे वरचा तेलाचा तवंग, नसलेला तांबडा रस्सा होतो, आणि चव उतरत नाही. ह्यांनी पहिल्यांदा भाकरी कुस्करून खाल्ला तेव्हा मला फार बरं वाटलं. पांढऱ्या रश्शात नारळाचं दूध असतं, त्याची घाई नको. मिसळ खायचीच झाली तर कटाशिवाय मागा.

काय खाल्लं आणि काय बाधलं, ते वहीत तारखेनिशी लिहा. एकाला दूध बाधतं, दुसऱ्याला तळण.

हे सगळं करूनही काही आठवडे जुलाब थांबले नाहीत, तर डॉक्टरांना पित्ताम्लं बांधणाऱ्या कोलेस्टायरामिनसारख्या औषधाबद्दल विचारा. बाकीच्या गोळ्या त्याच्या तासभर आधी किंवा चार ते सहा तासांनी घ्याव्या लागतात. डोळे पिवळे, लघवी गडद, शौच मातकट-पांढरं, थंडी वाजून ताप किंवा बरगडीखाली जोराची कळ, यांतलं काहीही दिसलं तर पथ्यात वेळ घालवू नका. पित्तनलिकेत खडा राहिलेला असू शकतो; त्याच दिवशी दवाखाना गाठा.