खारीच्या शिकारीसाठी रायफलची दुर्बीण कशी निवडावी

अमेरिकेत खार आणि ससा यांच्या शिकारीसाठी .२२ (म्हणजे सुमारे ०.२२ इंच व्यासाच्या गोळीची) रायफल घेतली की लगेच दुर्बिणीचा, म्हणजे स्कोपचा प्रश्न येतो. दुकानात गेल्यावर नजर जाते ती मोठ्या आकड्यांवर: ४-१६ पट, ६-२४ पट, पन्नास मिलिमीटरचे भिंग. हे स्कोप वाईट नसतात, पण ते लांबच्या निशाण्यासाठी बनवलेले असतात. पेन्सिल्व्हेनिया, ओहायो, व्हर्जिनियाकडच्या ओक-हिकरीच्या जंगलात करडी खार साधारण २० ते ५० यार्डांवर टिपली जाते. म्हणून छोट्या शिकारीचा स्कोप निवडताना सुरुवात अंतरापासून करायची. स्कोप किती लांबचे दाखवतो यापेक्षा जवळचे किती खरे दाखवतो, हे महत्त्वाचे.

आधी कायद्याचे बोलू. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, ससाही त्यात आला. त्यामुळे हा लेख अमेरिकेतल्या मराठी मंडळींसाठी आहे. एच-१बी किंवा एफ-१ व्हिसावर असाल, तर तिथल्या संघीय कायद्यानुसार बंदूक आणि काडतुसे बाळगायला सर्वसाधारणपणे मनाई आहे. राज्याचा वैध शिकार परवाना हा त्यातला एक अपवाद. म्हणून शिकार-शिक्षणाचा कोर्स आणि परवाना आधी, दुकान नंतर. शंका असेल तर वकिलाला विचारा, बंदूक विकणाऱ्याला नको. आणि भारतातल्या नातेवाइकासाठी स्कोप बॅगेत टाकून आणू नका. रायफलचे स्कोप अमेरिकेच्या निर्यात-नियंत्रणाखाली येतात.

पायरी १: आपले अंतर ठरवा

हंगामाच्या सुरुवातीला झाडांवर पाने गच्च असतात. हिकरीच्या झाडाखाली उभे राहिले की कुरतडलेल्या कवचाचा चुरा वरून टपटप पडताना ऐकू येतो, पण खार दिसते ती पानांच्या फटीतून, तीही क्षणभर. नोव्हेंबरात पाने झडली की तीच खार लांबून दिसते आणि तिलाही तुम्ही लांबून दिसता. तुम्ही कधी जाणार आणि किती जवळ पोहोचू शकता, याचा प्रामाणिक अंदाज बांधा. रेंजवर स्थिर टेकूवरून ज्या अंतरापर्यंत तुमच्या सगळ्या गोळ्या दीड इंचाच्या वर्तुळात बसतात, तेच तुमचे अंतर. खारीचे डोके जेमतेम तेवढेच असते, आणि डोक्यात लागलेली गोळीच तिला तात्काळ मारते. जखमी खार ढोलीत शिरली तर ती हाती लागत नाही, आत तडफडत मरते. ते टाळणे ही आपली जबाबदारी आहे.

पायरी २: पट आणि भिंग

या कामाला २-७ पटीचा, ३२ किंवा ३३ मिलिमीटर भिंगाचा स्कोप मला सगळ्यात योग्य वाटतो. ३-९×४० (तीन ते नऊ पट, ४० मिमी भिंग) सुद्धा चालतो. जंगलात चालताना तो सगळ्यात कमी पटीवर ठेवायचा, म्हणजे दृश्य रुंद मिळते आणि हलणारी शेपटी पटकन सापडते. खार थांबली, तुम्ही झाडाला टेकलात, की मग चार-पाच पटीपर्यंत वाढवायचा. नऊ पटीच्या पुढे हातातला प्रत्येक कंप मोठा होऊन दिसतो आणि फांद्यांच्या गर्दीत खार शोधताच येत नाही.

पहाटेच्या अंधुक उजेडासाठी एक साधा भागाकार करा: भिंगाचा व्यास भागिले पट. ३२ मिमीचे भिंग चार पटीवर ८ मिमी रुंदीचा प्रकाशझोत डोळ्याला देते. अंधारात तरुण माणसाची बाहुली सुमारे ७ मिमीपर्यंत उघडते आणि वयानुसार कमी होत जाते, म्हणजे ८ मिमी भरपूर झाले. त्याच भिंगाला सात पटीवर साडेचार मिमी उरतात. काही स्वस्त रायफलींबरोबर फुकट मिळणारा ४×१५ चा बारीक स्कोप मात्र पावणेचार मिमीच देतो. ढगाळ सकाळी झाडावरची करडी खार त्यातून सालीत मिसळून जाते. तो काढून ठेवा.

पायरी ३: पॅरॅलॅक्स (इथे वेळ घालवा)

छोट्या शिकारीच्या स्कोपमध्ये सगळ्यात जास्त गफलत इथे होते, आणि विक्रेता याबद्दल क्वचितच बोलतो.

गाडीत शेजारच्या सीटवर बसून काट्याच्या स्पीडोमीटरकडे पाहिले तर वेग चुकीचा वाटतो, कारण काटा आणि तबकडी एका पातळीत नसतात. स्कोपमध्येही तसेच. नेम धरायच्या फुलीच्या रेघा आणि लक्ष्याचे चित्र फक्त एकाच अंतरावर अचूक एका पातळीत येतात. बाकी अंतरांवर डोळा मध्यापासून जरा सरकला की फुली लक्ष्यावरून सरकते, रायफल जागची हलली नसली तरी.

मोठ्या शिकारीच्या साध्या स्कोपांत हे अंतर बहुधा १०० किंवा १५० यार्डांवर पक्के केलेले असते. रिमफायर, म्हणजे .२२ सारख्या काडतुसाच्या कडेवर घाव घालून गोळी उडवणाऱ्या, रायफलींसाठी बनवलेल्यांत ते ५० किंवा ६० यार्डांवर असते. फरक किती पडतो? सर्वांत वाईट चूक अशी काढता येते: भिंगाच्या निम्म्या व्यासाला दोन अंतरांच्या फरकाने गुणायचे आणि ठरलेल्या अंतराने भागायचे. ४० मिमी भिंग, १०० यार्डांची योजना, खार २५ यार्डांवर: २० × ७५ ÷ १००, म्हणजे १५ मिमी. दीड इंचाच्या लक्ष्यावर अर्ध्या इंचाहून जास्त चूक! ३२ मिमी भिंग आणि ५० यार्डांची योजना असेल तर २५ यार्डांवर ती ८ मिमी होते आणि ५० यार्डांवर नाहीशी होते. डोळा अगदी मध्यावर असेल तर ही चूक होत नाही, हे खरे. पण मान वर करून, झाडाला खांदा टेकून नेम धरताना डोळा रोज त्याच जागी कुठे असतो?

म्हणून खोक्यावर ‘रिमफायर’ शब्द शोधा. तो हलक्या मालाचा शिक्का नाही, तुमच्या अंतराची खूण आहे. ‘एओ’ लिहिलेले, म्हणजे भिंगाजवळची कडी फिरवून अंतर बदलता येणारे स्कोपही उत्तम; फक्त थोडे जड असतात आणि वापरताना आठवणीने कडी फिरवावी लागते. स्प्रिंगच्या एअरगनसाठी मात्र १० यार्डांपर्यंत खाली येणारा एओ घ्या, आणि तो एअरगनसाठी बनवलेला आहे याची खात्री करा. स्प्रिंगच्या एअरगनचा धक्का आधी मागे आणि लगेच उलटा, पुढे बसतो. साध्या स्कोपच्या आतले भाग त्याने सुटतात.

पायरी ४: रेघा

साधी ‘डुप्लेक्स’ फुली पुरे: कडेला जाड आणि मध्याला बारीक रेघा. ल्युपोल्ड या स्कोप बनवणाऱ्या कंपनीने १९६२ मध्ये ही आणली आणि नंतर ती सगळ्यांनी उचलली. अंधुक उजेडात जाड रेघा नजरेला मध्याकडे नेतात. गोळीचा उतार दाखवणाऱ्या ठिपक्यांच्या जाळीत ५० यार्डांच्या शिकाऱ्याला काही मिळत नाही, उलट बारीक खार झाकली जाते.

पायरी ५: बसवायचे कसे

रायफल कोणती ते पाहून माउंट, म्हणजे स्कोप रायफलीवर पक्का धरणारा जोड घ्या. पुष्कळ .२२ रायफलींवर ३/८ इंची खाच असते, काहींवर वीव्हर किंवा पिकॅटिनी नावाची आडव्या खाचांची पट्टी बसते. १९६४ पासून निघणाऱ्या रुगर १०/२२ या .२२ रायफलीबरोबर दोन्ही प्रकार चालतील असा बेस मिळतो. स्कोपची नळी एक इंची की ३० मिमी ते पाहून त्याच मापाच्या रिंगा घ्या, आणि भिंग बंदुकीच्या नळीला घासणार नाही एवढीच उंची ठेवा. स्कोप जितका खाली, तितका गाल स्टॉकवर नीट टेकतो.

बसवताना डोळे मिटून रायफल खांद्याला लावा, गाल टेकवा, मग डोळे उघडा. चित्राच्या कडेला काळी चंद्रकोर दिसली तर स्कोप पुढेमागे सरकवा. पूर्ण गोल दिसला की रिंगांचे स्क्रू आलटूनपालटून, थोडे थोडे आवळा. हंगामात जाड जॅकेट घालणार असाल तर ते घालूनच हे करा.

पायरी ६: दुकानातली तपासणी

सुटा स्कोप पिशवीवर स्थिर ठेवून ५० यार्डांवरच्या एखाद्या पाटीकडे रोखा आणि हात न लावता डोके हळूहळू डावी-उजवीकडे हलवा. फुली पाटीवर जागची हलली नाही तर पॅरॅलॅक्स जमला. कडेची अक्षरे मध्याएवढीच स्पष्ट आहेत का ते बघा. शक्य असेल तर दुकानाच्या अंधाऱ्या कोपऱ्याकडेही रोखून बघा. झगझगीत दिव्यांखाली सगळेच स्कोप चांगले दिसतात. नेम जुळवायच्या खुंट्या फिरवताना होणारे क्लिक बोटाला स्वच्छ जाणवले पाहिजेत. स्कोपच्या नळीत नायट्रोजन किंवा आर्गॉन भरून ती सीलबंद केलेली असावी, नाहीतर थंडीत आतून वाफ धरते. दीडशे ते तीनशे डॉलरांत हे सगळे मिळते. पैसे वाचले तर गोळ्यांवर आणि सरावावर घालवा.

पायरी ७: झिरो

.२२ साठी ५० यार्डांचा झिरो ठेवा, म्हणजे त्या अंतरावर गोळी नेमकी फुलीवर लागेल असा स्कोप जुळवा. वेगवान (हाय-व्हेलॉसिटी) ४० ग्रेन (सुमारे २.६ ग्रॅम) वजनाची गोळी आणि बंदुकीच्या नळीच्या दीड इंच वर बसलेला स्कोप धरला, तर २५ यार्डांवरही ती जवळपास फुलीवरच लागते, ७५ वर सुमारे दोन इंच आणि १०० वर सहा इंच खाली जाते. बहुतेकांना चकवते ते १० यार्डांचे अंतर: तिथे गोळी पाऊण इंच *खाली* लागते, कारण ती अजून नजरेच्या रेषेपर्यंत चढलेली नसते. अगदी जवळच्या खारीवर फुली जरा वर धरावी लागते.

पाव एमओएचा (एमओए हे कोनाचे माप, अंशाचा साठावा भाग) एक क्लिक १०० यार्डांवर पाव इंच सरकवतो. म्हणजे ५० यार्डांवर एक इंच सरकवायला आठ क्लिक, २५ यार्डांवर सोळा. झिरो झाल्यावर वीस क्लिक उजवीकडे, वीस वर, वीस डावीकडे, वीस खाली असे फिरून या. गोळी पुन्हा मूळ जागी लागली नाही तर स्कोप परत करा.

झाडावर वर नेम धरताना खारीमागे जाड खोड किंवा जाड फांदी असेल तरच घोडा दाबा. .२२ ची गोळी मैलाहून लांब जाऊ शकते. आणि झुडपात काय हलते ते पाहायला स्कोप वापरू नका, गळ्यात दोन डोळ्यांची छोटी दुर्बीण ठेवा. स्कोपमागे भरलेली रायफल असते आणि झुडपात माणूसही असू शकतो.

ज्या गोळ्यांनी झिरो केला त्याच घेऊन जंगलात जा. ब्रँड बदलला तर २५ आणि ५० यार्डांवर पाच-पाच गोळ्या झाडून पुन्हा बघा, आणि रायफल कुठे आपटली असेल तरीही.