माज ओसरल्यावरची शिकार: डिसेंबरच्या बर्फात पांढऱ्या शेपटीचं हरीण कसं गाठावं

नोव्हेंबरच्या मध्यावर अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या पांढऱ्या शेपटीच्या नराला तहानभूक राहत नाही. तो माजावर आलेल्या मादीच्या मागे भरदिवसा उघड्या शेतातून धावतो आणि या धावपळीत त्याचं वजन पाचव्या हिश्श्याने, कधी त्याहूनही जास्त उतरतं. थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारी येणाऱ्या सणाच्या) आधीच्या शनिवारी ९ दिवसांचा बंदुकीचा हंगाम सुरू होतो आणि पाच लाखांहून जास्त शिकारी रानात उतरतात. त्यातून वाचलेलं हरीण डिसेंबरात वेगळंच जनावर असतं: अंगाने थकलेलं, माणसाच्या वासाने बिथरलेलं आणि भुकेलं. यातली भूक एवढीच तुमच्या बाजूची गोष्ट. या लेखातली प्रत्येक पायरी तिच्यावरच उभी आहे.

भारतातल्या वाचकांसाठी आधीच सांगतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार आपल्याकडे चितळ, सांबर, भेकर यांची शिकार हा गुन्हा आहे आणि तो तसाच राहायला हवा. इथे लिहितोय ते अमेरिकेच्या उत्तर भागात राहणाऱ्यांसाठी. उदाहरणं मी जिथे शिकारीला बसतो त्या नैर्ऋत्य विस्कॉन्सिनमधली आहेत. हिमनद्यांनी सपाट न केलेल्या या भागात कड्यांवर आणि दरीच्या तळाशी शेतं, तर मधल्या उतारावर ओकचं रान असतं.

पायरी १: कागद आणि तारखा

विस्कॉन्सिनमध्ये बंदुकीचा हंगाम संपला की लगेच १० दिवस ठासणीच्या बंदुकीचे असतात, त्यानंतर ४ दिवस बिनशिंगी हरणांचे. धनुष्य आणि क्रॉसबोचा (बंदुकीसारखा घोडा दाबून बाण सोडणाऱ्या आडव्या धनुष्याचा) हंगाम जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत चालतो, काही काउंट्यांत (जिल्ह्यांत) महिनाअखेरपर्यंत. तारखा आणि नियम दरवर्षी नव्याने वाचा. १ जानेवारी १९७३ किंवा त्यानंतर जन्मलेल्याला परवान्यासाठी शिकारी-सुरक्षेचा अभ्यासक्रम लागतो. त्याला कंटाळू नका, निम्मं शहाणपण तिथेच मिळतं.

आपल्या लोकांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असाल तर अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने बंदूक बाळगायला मनाई आहे. वैध शिकारी परवाना हा त्यातला एक अपवाद. मित्राची बंदूक नुसती हातात घेण्याआधीही वकिलाला विचारा. धनुष्य किंवा क्रॉसबोला ही अट लागत नाही, म्हणून अनेकांना तिथून सुरुवात करणं सोपं जातं.

पायरी २: आधी पोट शोधा

माजाच्या काळात हरीण कुठेही भेटू शकतं. डिसेंबरात ते खाण्याच्या आसपासच भेटतं. म्हणून मचाण कुठे बांधायचं याआधी ते काय खातंय हे शोधा. उभा राहिलेला मका किंवा सोयाबीन असेल तर त्याच्यासारखं दुसरं काही नाही. नसेल तर कापणीनंतर सांडलेलं धान्य. दुभत्या जनावरांसाठी लावलेली लसूणघास बर्फ फार खोल नसेपर्यंत हरणं खुरांनी उकरून खातात. ओकच्या रानात पांढऱ्या ओकची फळं शरदातच फस्त होतात. लाल ओकची फळं तुरट असल्यामुळे मागे राहतात आणि बर्फाखालून ती शोधून खाल्ली जातात. पानगळीच्या झाडाखाली बर्फ उकरलेला आणि कुजकी पानं वर आलेली दिसली की तिथे थांबा, नीट बघा.

ताजा बर्फ पडून दोन दिवस झाले की पाहणीला निघा. तेव्हा दिसणारा प्रत्येक ठसा त्या दोन दिवसांतलाच असतो, जुन्याचा घोळ राहत नाही. कडाक्याच्या थंडीत लेंडी दाबून बघा. अजून मऊ असेल तर जनावर थोड्या वेळापूर्वीच तिथून गेलंय.

डिसेंबरच्या मध्यात दुसरा माज येतो हे तुम्ही ऐकलं असेल. ते खरं आहे. नोव्हेंबरात गाभण न राहिलेली मादी साधारण २८ दिवसांनी पुन्हा माजावर येते, आणि चांगलं खायला मिळालेल्या त्याच वर्षीच्या काही पाडसीही पहिल्यांदा येतात. पण अशा माद्या थोड्या असतात, त्यांच्यावर भिस्त ठेवू नका. त्याही खायला त्याच शेतात येतात, मग नरही तिथेच येणार.

पायरी ३: झोपायची जागा ओळखा, तिच्यात शिरू नका

थंडीत हरणाला ऊब आणि अन्न यांतलं अंतर कमीत कमी हवं असतं. वायव्येचा वारा अडवणारा आणि दुपारचं ऊन घेणारा दक्षिणेकडचा उतार, किंवा सीडर-हेमलॉक या सदाहरित झाडांची दाट झाडी, ही त्यांची आवडती ठिकाणं. बर्फात लंबगोल खळगे दिसतात. लहानमोठे तीन-चार शेजारी असतील तर बहुधा मादी आणि पाडसं, एकटा मोठा असेल तर बहुधा नर.

माझ्या पहिल्या डिसेंबरात असे खळगे पाहून मी हरखलो आणि जवळून बघायला थेट त्या झाडीत शिरलो. पाच पांढऱ्या शेपट्या उंचावून कड्यापलीकडे गेल्या. उरलेल्या हंगामात त्या शेतात उजेड असताना एकही हरीण उतरलं नाही. रानात इतकी माणसं फिरून गेल्यावर त्यांना एवढं निमित्त पुरतं. तेव्हापासून झोपायच्या जागा मी समोरच्या कड्यावरून दुर्बिणीनेच बघतो.

पायरी ४: वारा

वारा चुकला तर बाकी सगळं वाया गेलं असं समजा. नुसता हवामान अंदाज पुरत नाही. या दऱ्याखोऱ्यांत सूर्य कलला की थंड हवा पाण्यासारखी उतारावरून खाली वाहू लागते, आणि दुपारी बरोबर वाटलेली जागा संध्याकाळी घात करते. हरणं वरच्या उतारावरून खालच्या शेतात येणार असतील तर त्यांच्या वाटेच्या बाजूला, तुमच्यावरून वाहणारी हवा त्यांच्यापासून दूर जाईल असं बसा.

हवा बघायला इथले शिकारी मिल्कवीडच्या बोंडातल्या म्हाताऱ्या खिशात ठेवतात. ही आपल्या रुईच्या कुळातलीच वनस्पती. लहानपणी गावाकडे फुंकरीने उडवायचो तशी एक म्हातारी सोडा आणि ती नजरेआड होईपर्यंत बघा. पन्नास पावलांवर ती कुठे वळते, कुठे बसते, तिथवर तुमचा वास जाणार.

पायरी ५: संध्याकाळ बसा

पहाटेचा मोह टाळा. पहाटे हरणं शेतातच असतात आणि अंधारात तुम्ही त्यांच्यातूनच चालत जाता. दुपारी दीड-दोनपर्यंत जागेवर बसा, कारण मध्य डिसेंबरात इथे सूर्य साडेचारच्या आत मावळतो. मोठ्या हिमवर्षावाच्या आदल्या दिवशी आणि त्यानंतरच्या पहिल्या कडक थंडीत हरणं लवकर बाहेर पडतात. सुट्टी घ्यायची तर ती त्या दिवशी घ्या. ऊबदार दिवसांत मात्र सगळी हालचाल रात्रीवर जाते.

चालताना अंगावर कमी कपडे ठेवा आणि जाड लोकरी थर पाठीवर न्या. घामाने भिजलेला सुती बनियन उणे दहा अंशांत जिवावर बेततो. बंदुकीचे हंगाम चालू असताना कमरेच्या वरचे निम्मे तरी कपडे भडक नारिंगी किंवा गुलाबी असणं बंधनकारक आहे, धनुष्यवाल्यांनाही. हरणाला नारिंगी रंग आपल्यासारखा झगझगीत दिसत नाही, त्यामुळे काळजी नको. जाड कोट घालून धनुष्य ओढण्याचा सराव घरी करा, बाहीला दोरी घासली तर बाण भरकटतो. मचाणाच्या पायऱ्यांवर बर्फ असतो, तेव्हा सुरक्षा-पट्टा जमिनीवर असतानाच अडकवा. ठासणीची बंदूक उबदार घरात आणू नका, आत ओल धरून दारू पेटत नाही. प्रायमर (दारू पेटवणारी टोपी) काढून, कुलूप लावून ती थंड शेडमध्ये ठेवा.

अंधार पडल्यावर शेतात हरणं असतील तर मचाणावरून उतरू नका. मी शेतमालकाला फोन करतो, तो पिकअप घेऊन येतो. त्याच्या गाडीची त्यांना सवय आहे, ती आरामात बाजूला होतात आणि मचाणाशी माणूस होता हे त्यांना कळत नाही.

पायरी ६: बार टाकण्याआधी

डिसेंबरच्या शेवटापासून नरांची शिंगं गळायला लागतात, म्हणून डोकं दुर्बिणीने नीट तपासा. एकटंच, आखूड तोंडाचं हरीण सगळ्यांआधी शेतात आलं तर ते बहुधा त्या वर्षीचं नर पाडस असतं. त्याला जाऊ द्या. लांब तोंडाची, लांबट धडाची प्रौढ मादी मागून येईल. ती पूर्ण आडवी उभी राहीपर्यंत थांबा आणि खांद्याच्या लगेच मागे नेम धरा. नंतर किमान अर्धा तास जागचे हलू नका. घाव पोटात बसला अशी शंका असेल तर कित्येक तास थांबा. घाईने मागे लागलात तर जखमी जनावर लांब जाऊन मरतं आणि सापडतही नाही.

पायरी ७: मटण

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ५ च्या आत शिकारीची नोंदणी करा. या राज्यात २००२ मध्ये हरणांचा क्रॉनिक वेस्टिंग डिसीज सापडला आणि आमचा नैर्ऋत्य भाग त्याच्या ऐन पट्ट्यात येतो. बिघडलेल्या प्रथिनांमुळे होणारा हा रोग शिजवण्याने जात नाही. माणसाला तो झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, पण बाधित हरणाचं मटण खाऊ नये असाच आरोग्य खात्यांचा सल्ला आहे. तपासणी मोफत आहे. डोकं ठरलेल्या पेटीत ठेवून फॉर्म भरायचा, मानेच्या वरच्या भागातल्या लसिका ग्रंथींची चाचणी होते. निकाल येईपर्यंत प्रत्येक हरणाचं मटण वेगळं ठेवा, प्रत्येक पाकिटावर नमुन्याचा क्रमांक लिहा, आणि शेजाऱ्यांना वाटणं तोवर थांबवा.