आधी मिनिटभर ट्यूबकडे बघा, मग दुकानात या

चिपळूणच्या बाजारात माझं इलेक्ट्रिक सामानाचं दुकान आहे. दिवेलागणीला कुणीतरी घाईघाईने येतंच, "काका, छत्तीसची (छत्तीस वॅटची) एक ट्यूब द्या." मी विचारतो, लागत नाही म्हणजे होतं काय? फडफडते, नुसती टोकं पेटतात, की काहीच नाही? बहुतेकांनी नीट बघितलेलंच नसतं. मग पैसे ट्यूबचे जातात आणि गेलेला असतो स्टार्टर.

म्हणून बटण दाबा आणि मिनिटभर वर बघा.

दोन्ही टोकं सारखी पेटून राहिली, मधली नळी मात्र लागतच नाही, असं असेल तर पहिला संशय स्टार्टरवर. स्टार्टरच्या डबीत वायू भरलेली छोटी काचेची कुपी असते, तिच्यात धातूची वाकणारी पट्टी. ती चिकटली की दोन्ही टोकांच्या तारांतून करंट जातो आणि त्या तापतात. मग पट्टी सुटते, त्या क्षणी चोक (तांब्याच्या तारेचं जड वेटोळं) जोराचा झटका देतो आणि ट्यूब पेटते. पट्टी चिकटूनच बसली तर झटका बसणार कुठून? बटण बंद करा, स्टार्टर डावीकडे थोडा फिरवला की हातात येतो. दुसऱ्या खोलीतला चालू स्टार्टर लावून बघा. (ट्यूब एकदा लागली की स्टार्टरला काम उरत नाही, तो काढला तरी ती चालू राहते.)

स्टार्टर बदलूनही फडफडतेय आणि टोकं काळी पडलीत, तर ट्यूबचं आयुष्य संपलं. टोकाच्या तारेवरचा लेप उडून काचेवर बसतो, तोच तो काळेपणा. अशी ट्यूब रात्रभर फडफडत ठेवू नका, चोक तापतो. टोकं स्वच्छ असूनही संध्याकाळीच फडफडत असेल तर ट्यूबला दोष देण्याआधी व्होल्टेज बघा. आमच्याकडे वाड्यांवर संध्याकाळी व्होल्टेज पडतं, तीच ट्यूब सकाळी सुतासारखी सरळ लागते.

काहीच होत नसेल तर काम थोडं वाढतं. आधी मेन बंद. नुसत्या बटणावर विसंबू नका, कारण कित्येक जुन्या घरांत बटणातून फेजऐवजी (जिवंत तारेऐवजी) न्यूट्रल (परतीची तार) फिरवलेली असते. बटण बंद केल्यावरही रात्रभर ट्यूब मंद उजळत असेल तर बहुधा हाच प्रकार. तिथे ट्यूबच्या पट्टीत (ट्यूब जिच्यावर बसते त्या लांब पत्र्याच्या पेटीत) फेज कायम जिवंत असतो. वायरमन बोलावून ते आधी दुरुस्त करून घ्या.

मेन बंद केल्यावर कोरड्या लाकडी स्टुलावर चढा, खाली एकाला धरायला उभं करा. ट्यूब पाव वळसा फिरवून पुन्हा नीट बसवा. कोकणातल्या दमट हवेत होल्डरच्या पितळी पात्यांवर हिरवट थर चढतो, पाती सैल होतात. बारीक पॉलिश पेपरने घासा, पात्या हलक्या हाताने आत दाबा. मुंग्यांचं घर आणि मेलेलं पालीचं पिल्लू, दोन्ही मी पट्टीतून काढलेलं आहे.

तरीही नाही लागली, तर ट्यूब काढून दुसऱ्या खोलीतल्या चालू पट्टीत लावून बघा. उलटं करू नका. चांगली ट्यूब बिघडलेल्या पट्टीत लावली आणि आतला चोक शॉर्ट असला, तर ती ट्यूबही क्षणात उडते. "नवी लावली, लगेच गेली" अशी तक्रार आली की मी दुसरी ट्यूब देतच नाही, आधी चोक काढून आणायला सांगतो. घरी मल्टिमीटर (तार सलग आहे का ते दाखवणारं यंत्र) असेल तर काढलेल्या ट्यूबच्या एका टोकाच्या दोन पिनांवर लावा, मग दुसऱ्या टोकाच्या. काहीच दाखवत नसेल तर तार तुटली, मग टोक कितीही पांढरं दिसो.

चोकचा घूं-घूं आवाज येतो तो बहुधा आतल्या पत्र्यांचा. पट्टीचे स्क्रू आवळून कमी होतो. जळका वास आला किंवा डांबर गळलेलं दिसलं तर मात्र चोक बदलाच. २०२१ च्या जुलैतल्या पुरात बुडालेल्या पट्ट्या अनेकांनी उन्हात वाळवून परत लावल्या. माझा सल्ला, असा चोक लावूच नये.

नवी ट्यूब पहिल्या काही तासांत आतून साप वळवळल्यासारखी दिसते, ते आपोआप थांबतं.

एलईडी घ्यायची का? चोक जळला असेल तर घ्याच. तांब्याच्या चोकसकट जुनी पट्टी पन्नासेक वॅट खाते, चार फुटी एलईडी अठरा-वीस. पण जुन्या पट्टीत बसवताना चोक आणि स्टार्टरचं काय करायचं ते प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं. पाकिटावरची आकृती बघूनच जोडणी करा.

काढलेली ट्यूब उकिरड्यावर फोडू नका, आत पारा असतो. फुटलीच तर खिडक्या उघडून पोरांना बाहेर काढा, केरसुणी न फिरवता पुठ्ठ्याने तुकडे गोळा करा, उरलेली पूड चिकटपट्टीने उचला आणि सगळं झाकणाच्या डब्यात बंद करून ई-कचऱ्यात द्या.