निळा लावला, जांभळा आला: लाइटच्या सॉफ्टवेअरमध्ये या चुका टाळा

दुसऱ्या अंकाचा पडदा उघडला. रात्र हवी होती, सायक्लोरामावर, म्हणजे मागच्या मोठ्या पडद्यावर, पसरला भडक जांभळा. विंगेतून दिग्दर्शक हातवारे करत होता, "निळा दे, निळा!" मी निळ्याचंच बटण दाबत होतो. एकदा दाबलं की निळा जाऊन नुसता नारिंगी उरायचा, पुन्हा दाबलं की पुन्हा जांभळा. प्रयोग संपल्यावर लॅपटॉप पुढ्यात घेऊन बसलो तेव्हा उलगडा झाला. पहिल्या अंकाच्या शेवटी दिलेला सूर्यास्त मी बंदच केला नव्हता.

हौशी आणि स्पर्धेच्या नाटकांत आता जिलेटिन (दिव्यापुढे लावायचा रंगीत कागद) कमी आणि एलईडी पार (रंग बदलणारे दिवे) जास्त दिसतात. मोठं कन्सोल (दिवे चालवायचं टेबल) भाड्याने आणणं परवडलं नाही की लॅपटॉपवर क्यूएलसी प्लस हे दिवे चालवायचं सॉफ्टवेअर टाकायचं. फुकट मिळतं आणि काम चोख करतं. पण जिलेटिनच्या सवयीने ते वापरायला गेलं की फसगत होते. जिलेटिन लावलं की दिवा त्या रंगाचा झाला, विषय संपला. सॉफ्टवेअरला मात्र रंग ठाऊकच नसतो. त्याच्यापुढे असतात डीएमएक्सचे, म्हणजे दिव्यांना आकडे पोचवणाऱ्या सिग्नलचे, ५१२ चॅनल आणि प्रत्येकात ० ते २५५ मधला एक आकडा. लूक, म्हणजे स्टेजवरचं उजेडाचं चित्र, सेव्ह करणं म्हणजे त्यातले काही आकडे लिहून ठेवणं; क्यूएलसी प्लस अशा सेव्ह केलेल्या लूकला सीन म्हणतं. जे लिहिले नाहीत, तिथे आधीच्या लूकने मागे ठेवलेलं बऱ्याचदा तसंच चालू राहतं. खालच्या बहुतेक भानगडी इथूनच निघतात.

एकावर एक चढलेले लूक

माझा जांभळा असा आला. सूर्यास्ताच्या सीनमध्ये लाल २५५ आणि हिरवा ६०, रात्रीच्या सीनमध्ये निळा २५५, बाकी शून्य. दोन्ही सीन एकाच वेळी चालू. क्यूएलसी प्लस लाल, हिरवा, निळा या चॅनलांना तीव्रतेचे चॅनल समजतं, आणि तीव्रतेच्या चॅनलला नियम असतो एचटीपीचा: दोन सीन एकच चॅनल मागत असतील तर मोठा आकडा जिंकतो. रात्रीच्या सीनने लालला शून्य सांगितलं होतं, सूर्यास्ताने २५५. शून्य कधी जिंकणार? लाल राहिला, त्यात निळा मिसळला.

उपाय सोपा आहे, तरी नवखा माणूस तो शोधत नाही. व्हर्च्युअल कन्सोलवर (स्क्रीनवरच्या बटणांच्या पानावर) साध्या फ्रेमऐवजी सोलो फ्रेम घ्या आणि रंगांच्या लूकची सगळी बटणं तिच्यात ठेवा. सोलो फ्रेममध्ये एक बटण दाबलं की आधीचं आपोआप सुटतं. चेहऱ्यावरचा समोरचा उजेड, स्पॉट, धुराचं मशीन यांची बटणं मात्र तिच्या बाहेर हवीत, नाहीतर निळा देताना नटाचा चेहराही काळोखात जाईल. सायक्लोरामासाठी एक सोलो फ्रेम आणि मागच्या पारसाठी दुसरी, अशी विभागणी मला सगळ्यात सोयीची पडते.

शून्यसुद्धा लिहावं लागतं

आठ चॅनलच्या पारची रचना साधारण अशी असते: मास्टर (एकूण उजेड), लाल, हिरवा, निळा, पांढरा, स्ट्रोब (लुकलुक), मॅक्रो (पारमध्येच भरलेले तयार कार्यक्रम), वेग. प्रत्येक कंपनीत क्रम थोडा इकडेतिकडे. पहिल्या पाचांकडे सगळ्यांचं लक्ष असतं, शेवटच्या तिघांकडे कुणाचंच नाही.

विजांच्या कडकडाटाचा सीन घेऊ. स्ट्रोब २०० वर ठेवला, सेव्ह केला. पुढचा सीन शांत पहाटेचा. तो बनवताना स्ट्रोबच्या चॅनलवर टिकच केली नाही, कारण तिथे काही द्यायचंच नव्हतं. आता स्ट्रोबसारख्या चॅनलना एलटीपीचा नियम लागतो: शेवटचा जो आकडा आला तो दुसरा कुणी येईपर्यंत तसाच राहतो. पहाट उगवते ती लुकलुकतच. मॅक्रोचं तर याहून वाईट. त्यावर काही आकडा उरला की पार स्वतःचाच कार्यक्रम सुरू करतो आणि तुमच्या लाल-हिरव्याला जुमानत नाही. अशा वेळी लोक केबल बदलतात, पार बदलतात, भाड्याने देणाऱ्याशी भांडतात.

क्यूएलसी प्लसमध्ये स्टेजवरचं चित्र जसंच्या तसं सीनमध्ये उतरवून घ्यायची सोय आहे, डीएमएक्स डंप. त्यात फक्त शून्याहून मोठे आकडे घ्या असा एक पर्याय असतो. नीटनेटकं वाटतं म्हणून तो निवडला जातो, आणि हवी असलेली शून्यंच बाहेर राहतात. माझा नियम: रंगाच्या प्रत्येक सीनमध्ये त्या पारचे आठही चॅनल टिक केलेले, स्ट्रोब आणि मॅक्रो शून्यावर.

याच दोन चॅनलचा फेडही (आकडा हळूहळू बदलणं) बंद करा. फिक्स्चर मॅनेजरमध्ये (फिक्स्चर म्हणजे दिवा) चॅनलचे गुणधर्म उघडले की प्रत्येक चॅनलला फेड करायचा की नाही ते ठरवता येतं. नाहीतर तीन सेकंदांच्या फेडमध्ये मॅक्रो २०० वरून शून्यावर येताना वाटेतले सगळे कार्यक्रम दाखवत येतो.

पहिला पार शहाणा, दुसरा वेडा

पार आठ चॅनलच्या मोडवर, सॉफ्टवेअरमध्ये मात्र सात चॅनलचा मोड निवडलेला. पार लावणाऱ्याने पत्ते, म्हणजे प्रत्येक पारच्या पहिल्या चॅनलचे क्रमांक, दिले १, ९, १७. सॉफ्टवेअर समजतंय १, ८, १५. सगळे पार पांढरे केले की पहिला अगदी बरोबर पेटतो, म्हणून सेटिंगवर शंका येत नाही. दुसरा मात्र आपल्या मनाने रंग बदलायला लागतो. कारण १५ क्रमांकाचा चॅनल सॉफ्टवेअरच्या मते तिसऱ्या पारचा मास्टर, आणि प्रत्यक्षात दुसऱ्या पारचा मॅक्रो. तिकडे २५५ गेला की झालंच.

पारच्या पाठीमागच्या छोट्या पडद्यावर मोड वाचा, मग फिक्स्चर जोडा. एका जोडणीत दोन कंपन्यांचे पार आले असतील तर तीन वेळा वाचा.

आकडे तेच, रंग वेगळा

घरी बसून स्क्रीनवर रंगाच्या चकतीतून निवडलेला अंबर स्टेजवर अंबर दिसत नाही. साध्या आरजीबी पारमध्ये अंबर म्हणजे लाल आणि हिरव्याची मिसळण. हिरवा जरा जास्त झाला की नटाचा चेहरा हळद लागल्यासारखा दिसतो. माझ्याकडच्या पारवर लाल २५५ ला हिरवा ९० च्या आसपास पुरतो, तुमच्याकडे तो ७० असेल. दोन कंपन्यांच्या पारला एकच आकडे देऊन एकच रंग मिळेल अशी आशा धरू नका. एकाच सीनमध्ये दोघांना वेगवेगळे आकडे द्या आणि डोळ्याने जुळवा. तेही पांढऱ्या भिंतीवर जुळवून भागत नाही. कुणालातरी नाटकातल्या कपड्यांत उभं करा, मगच सेव्ह करा. निळ्या रात्रीत चेहरे बुडत असतील तर पांढऱ्याचे वीस-तीस मिसळले तरी नाक-डोळे परत येतात.

इथेच आणखी एक दुखणं. चौदा सीनमध्ये हाच अंबर वापरलाय आणि रंगीत तालमीत दिग्दर्शक म्हणतो, "जरा उबदार कर." क्यूएलसी प्लसच्या चौथ्या आवृत्तीत चौदा सीन उघडावे लागतात. पाचव्या आवृत्तीत पॅलेट आलंय. मोठ्या कन्सोलवर ही सोय जुनीच, ईऑसवर कलर पॅलेट आणि ग्रँडएमएवर प्रीसेट: रंग एकदा पॅलेटमध्ये ठेवायचा, क्यूमध्ये (प्रयोगात क्रमाने द्यायच्या लूकमध्ये) त्याचा नुसता संदर्भ, पॅलेट बदललं की चौदाही क्यू बदलले. मात्र क्यू बनवताना घाईत हाताने रंग फिरवला की त्या क्यूमध्ये कोरे आकडे जातात आणि तो पॅलेटचं ऐकत नाही. ईऑसवाल्यांनी ट्रॅकिंगही ध्यानात ठेवावं. सातव्या क्यूमध्ये केलेली दुरुस्ती, पुढे कुठे तो चॅनल बदलत नाही तोवर, आठ-नऊ-दहामध्येही वाहत जाते. तेवढ्यापुरतीच हवी असेल तर क्यू ओन्ली म्हणून सेव्ह करा.

किरकोळ, पण ऐन वेळी नडणारं

बटणं दाबूनही काहीच होत नसेल तर आधी बघा, ऑपरेट मोडमध्ये (प्रयोग चालवायच्या) आहात का. डिझाइन मोडमध्ये (मांडणीच्या) व्हर्च्युअल कन्सोलची बटणं लूक देत नाहीत. एखादाच चॅनल हट्टाला पेटला असेल तर सिंपल डेस्कवर (प्रत्येक चॅनल थेट हलवायच्या पानावर) कुणीतरी स्लायडर वर ठेवून दिलेला असतो, तो रिसेट करा. क्यू लिस्ट आपोआप पुढे पळत असेल तर चेसरच्या (एकामागून एक सीन देणाऱ्या यादीच्या) पायऱ्यांचा होल्ड, म्हणजे थांबायचा वेळ, सेकंदांत दिलेला आहे, तो अनंत करा.

शोची फाइल पेनड्राइव्हवर घेताना स्वतः बनवलेली फिक्स्चरची फाइलही घ्या, कारण ती शोच्या फाइलमध्ये जात नाही, ती वेगळी असते. शोच्या फाइलचं शेपूट क्यूएक्सडब्ल्यू, फिक्स्चरच्या फाइलचं क्यूएक्सएफ. लॅपटॉपची झोप बंद करा. आणि तालमीत लॅपटॉपला डीएमएक्स जोडणारी यूएसबी ज्या पोर्टला होती, प्रयोगालाही त्याच पोर्टला.

तपासायची माझी पद्धत थोडी उलटी आहे. लूक क्रमाने तपासले तर सगळे बरोबरच दिसतात, कारण बनवलेही त्याच क्रमाने होते. म्हणून मी शेवटच्या लूकपासून पहिल्याकडे येतो, मग डोळे मिटून कुठलंही बटण दाबतो: विजांवरून थेट पहाट, रात्रीवरून सूर्यास्त. मागच्या लूकने काही सोडलं असेल तर ते इथे उघडं पडतं. वीस लूकला दहा मिनिटं लागतात. तेवढी मिनिटं मी मेकअप चालू असताना काढतो. मधूनच ग्रीन रूममधून कुणीतरी ओरडतं, "अहो, आरशात सगळं हिरवं दिसतंय!" तेव्हा कळतं, दार उघडं राहिलंय.