लिबकर्ल आपल्या प्रोग्रॅममध्ये कशी वापरावी: उतरलेली फाइल अख्खी हवी असेल तर

गोव्यात साखळीजवळच्या आमच्या गावात जत्रेला देवळापुढे मराठी नाटक होतंच. जुन्या नाटकांच्या हाताने लिहिलेल्या वह्या मंडळाने स्कॅन करून सर्व्हरवर ठेवल्या आहेत. फोंडा, म्हापसा, वाळपईला राहणाऱ्या कलाकारांच्या संगणकावर ती पानं आपोआप उतरावीत म्हणून मी सी भाषेत एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. त्यात सर्व्हरवरून फाइल आणण्याचं काम लिबकर्ल ही लायब्ररी करते. त्यानंतर हेच काम मी कितीतरी प्रोग्रॅममध्ये केलं आहे, आणि दर वेळी कुणीतरी तेच चुकीचे सल्ले घेऊन आलेला भेटतो.

त्यातला पहिला सल्ला म्हणजे, ‘लायब्ररी कशाला, प्रोग्रॅममधून कर्लची कमांडच चालव की.’ असं करू नका. फाइलच्या नावात एक मोकळी जागा किंवा अवतरणचिन्ह आलं की कमांड मोडते. पत्ता बाहेरून कुणी देत असेल, तर तो तुमच्या संगणकावर हवी ती कमांड चालवू शकतो. डॅनियल स्टेनबर्ग यांनी १९९८ मध्ये कर्ल या नावाने आणलेलं साधन २००० पासून लिबकर्ल या लायब्ररीच्या रूपातही मिळतं. ती फुकट आहे आणि जवळपास प्रत्येक यंत्रणेवर चालते.

लायब्ररी बसवताना तिचं डेव्हलपमेंट पॅकेज घ्या, नाहीतर हेडर फाइल सापडणार नाही. प्रोग्रॅमच्या सुरुवातीला एकदाच ग्लोबल इनिट, मग ईझी इनिट करून हँडल (पुढच्या प्रत्येक कॉलला द्यायचा पॉइंटर) मिळवा, सेटऑप्टने पत्ता द्या, पर्फॉर्म म्हणा, शेवटी क्लीनअप. एवढं कुणालाही जमतं.

खरं काम राइट कॉलबॅकमध्ये आहे. आलेला डेटा लिबकर्ल तुमच्या हाती देते ते या फंक्शनमधून. ते तुम्ही लिहायचं आणि राइटफंक्शन या पर्यायाने तिला सांगायचं. या फंक्शनला चार गोष्टी मिळतात: डेटाचा पॉइंटर, दोन आकडे आणि तुमचा स्वतःचा पॉइंटर. दोन आकड्यांतला पहिला नेहमी १ असतो, दुसरा म्हणजे बाइटची संख्या. तरीही दोघांचा गुणाकार करायची सवय ठेवा.

माझा पहिला प्रयत्न इथेच फसला. चाचणीला मी वह्यांची यादी घेतली होती, काहीशे अक्षरांची. ती बरोबर उतरली. मग पहिलं पान मागवलं, तर पर्फॉर्मने २३ नंबरची एरर दिली आणि डिस्कवर नेमकी ४ बाइटची फाइल उरली. मी डेटाला मजकूर समजून त्याची लांबी स्ट्रलेनने मोजत होतो. स्ट्रलेन पहिल्या शून्य बाइटला थांबतं, आणि आमच्या स्कॅनरच्या जेपेगमध्ये पाचवाच बाइट शून्य होता. लिबकर्ल जो तुकडा देते त्याच्या शेवटी शून्य नसतं, आणि मध्ये कितीही शून्यं असू शकतात. तेव्हा लांबी कधी मोजायची नाही, दिलेली घ्यायची.

तेव्हा एका जाणत्या माणसाने सांगितलं, ‘कॉलबॅकमधून सरळ पूर्ण आकडा परत कर, एरर जाईल.’ गेली. पण पानं आता मुकाट्याने अर्धवट उतरू लागली, आणि ते कळलं तालमीच्या आदल्या रात्री, एकही पान उघडेना तेव्हा. या सल्ल्याइतका घातक सल्ला मी दुसरा ऐकला नाही. परत करायचा आकडा म्हणजे तुम्ही खरोखर लिहिलेले बाइट. तो मिळालेल्या आकड्याशी जुळला नाही की लिबकर्ल डाउनलोड थांबवते आणि २३ देते. डिस्क भरली तर तुम्हाला तेच हवं असतं. फाइलमध्ये लिहिणाऱ्या एफराइटने जे परत दिलं, तेच पुढे परत करा.

दुसरी चूक जवळपास प्रत्येक जण करतो: कॉलबॅक एकदाच येईल असं धरतो. तो कितीही वेळा येतो, एका वेळी सहसा जास्तीत जास्त १६ किलोबाइट घेऊन, आणि तुकडा किती मोठा असेल याचा भरवसा नाही. म्हणून डेटा मेमरीत ठेवत असाल, तर जागा रिअॅलॉकने वाढवत आधीच्या तुकड्याच्या मागे जोडा आणि आतापर्यंतची लांबी स्वतः सांभाळा. माझी यादी एकाच तुकड्यात मावत होती म्हणून काहीच उघडं पडलं नाही. चाचणी नेहमी काही मेगाबाइटच्या फोटोवर करा.

पर्फॉर्मने ठीक म्हटलं म्हणजे पान मिळालं, असंही समजू नका. सर्व्हरने ४०४, म्हणजे ‘पान सापडलं नाही’, दिलं तरी लिबकर्लच्या लेखी काम झालेलं असतं, आणि चूक सांगणारा संदेश तुमच्या फोटोच्या नावाने डिस्कवर बसतो. अशा वेळी एरर मिळावी म्हणून फेलऑनएरर हा पर्याय चालू करा. त्याचा आकडा देताना १ नव्हे, १एल लिहा. सेटऑप्टला लाँग लागतो, आणि साधा इंट एखाद्या मशीनवर चालून दुसऱ्यावर दगा देतो.

सर्व्हरच्या प्रमाणपत्राची एरर आली की ‘व्हेरिफायपीअर शून्य कर’, म्हणजे तपासणीच बंद कर, असं सांगणारे ढीगभर आहेत. करू नका. समोर खरा सर्व्हर आहे की भलताच कुणी, हे मग तुम्हाला कळणारच नाही. प्रमाणपत्रांचा संच अद्ययावत करा.

आमच्या सत्तरी तालुक्यात पावसाळ्यात करंट आणि इंटरनेट दोन्ही केव्हा जाईल सांगता येत नाही. लिबकर्लला एकूण वेळेची मर्यादा मुळात नसते, म्हणजे अडकलेला प्रोग्रॅम अडकूनच राहतो. पण सरसकट टाइमआउट लावलात, तर हळू पण नीट चाललेली फाइलही मरते. मी लो-स्पीड मर्यादा लावतो: सलग ३० सेकंद वेग सेकंदाला १०० बाइटच्या खाली राहिला तर सोडून दे. जोडणीची वाट मुळात ३०० सेकंद पाहिली जाते. ती २० वर आणा. तुटलेली फाइल पुढे चालू ठेवायला ती अपेंड मोडमध्ये (शेवटी भर घालण्यासाठी) उघडा आणि तिचा आकार रिझ्यूम-फ्रॉम-लार्ज या पर्यायाला द्या. सर्व्हरला ते जमत नसेल तर ३३ नंबरची एरर येते; मग फाइल पुसून पहिल्यापासून.

अनेक पानांसाठी एकच हँडल पुन्हा पुन्हा वापरा, जोडणी तीच राहते आणि वेळ वाचतो. पण एक हँडल एकाच वेळी दोन थ्रेडना देऊ नका.

प्रोग्रॅम दुसऱ्यांच्या हाती देण्याआधी मोठी फाइल उतरवताना मध्येच राउटरची वायर काढा. तीस सेकंदांनी एरर यायला हवी. वायर लावून पुन्हा चालवा आणि उतरलेल्या फाइलचा एसएचए २५६ (फाइलमधल्या बाइटवरून काढलेला ठसा) मूळ फाइलच्या ठशाशी ताडून पाहा. एक अक्षरही वेगळं आलं, तर परत कॉलबॅक उघडा.