कमिट ब्लॉक सगळ्यात शेवटी

जर्नल (बदल मूळ जागी लिहिण्याआधी त्यांची नोंद ठेवणारा भाग) असूनही वीज गेल्यावर फाइलसिस्टीम बिघडत असेल, तर आधी लेखनाचा क्रम तपासा. कमिट ब्लॉक म्हणजे ट्रान्झॅक्शन (एकत्र लागू व्हायच्या बदलांचा गट) पूर्ण झाल्याची खूण; तो लिहिण्यापूर्वी त्या ट्रान्झॅक्शनचे बाकी सगळे ब्लॉक डिस्कवर पक्के झालेले हवेत. कोडमध्ये क्रम बरोबर दिसतो, पण डिस्कची कॅश तो बदलू शकते. म्हणून कमिटआधी फ्लश (कॅशमधलं सगळं डिस्कवर पक्कं करण्याचा आदेश) द्या, कमिट ब्लॉक एफयूए (तेवढं लेखन लगेच पक्कं करायला लावणारी खूण) लावून लिहा. चेकसमही (ब्लॉकमधल्या डेटावरून काढलेला पडताळणीचा आकडा) ठेवा; त्यामुळे अर्धवट ट्रान्झॅक्शन रिकव्हरीत ओळखू येतं.

नुसतं मशीन रीस्टार्ट करून पाहणं ही चाचणी नव्हे. लिनक्सवर डीएम-लॉग-राइट्स (dm-log-writes) या साधनाने सगळं लेखन नोंदवा, प्रत्येक फ्लशपर्यंतची स्थिती उभी करा, जर्नल रिप्ले करा (त्यात नोंदलेले बदल पुन्हा लागू करा), मग एफएससीके (फाइलसिस्टीम तपासणारा प्रोग्राम) चालवा. आणि रिप्ले चालू असतानाच वीज गेली तर? तेही तपासाच: तोच रिप्ले पुन्हा चालवल्यावर निकाल तसाच यायला हवा.