माहुलीच्या समाध्या बघायच्या तर

दिवस माघ-फाल्गुनातला धरा आणि साडेसातच्या आत संगम माहुलीला पोचा. साताऱ्यापासून जेमतेम पाच किलोमीटर. पावसाळ्यात जाऊ नका. कृष्णा-वेण्णा घाट गिळून बसतात, आणि पाणी उतरलं की पात्रातल्या समाध्यांवर गाळ.

सकाळचीच वेळ का? कोवळं ऊन आडवं येतं. झिजलेल्या काळ्या दगडावरचं काम आडव्या उजेडातच उठतं. अकरा वाजता त्याच दगडावर काही म्हणता काही दिसत नाही. उशीर झालाच तर बॅटरी दगडाला जवळजवळ टेकवून बाजूने मारा. चित्रकलेचा मास्तर असताना मी फोटोसाठी एका दगडाच्या खाचांत खडू भरला होता. पुढच्या वर्षी गेलो तर पांढरं तसंच! तेव्हापासून खडू, तेल, तारेचा ब्रश बंद. पाणी आणि जुना मऊ ब्रश, तोही फक्त मातीपुरता.

सुरुवात खंड्यापासून करा. संभाजी महाराजांचे पुत्र, साताऱ्याचे छत्रपती शाहू महाराज, त्यांचा हा कुत्रा. शिकारीत त्यानं महाराजांना वाघापासून वाचवलं, म्हणून त्याची समाधी, असं सांगतात. पोरं इथेच रमतात, मग पुढचं ऐकतात.

पुढचं म्हणजे दगड वाचणं. इथं दफन नाही. अग्नी दिला त्या जागेवर खूण, बस्स. पादुका किंवा शंकराची पिंड असेल तर समाधी. कोपरात दुमडलेला, चुडा भरलेला हात कोरलेला असेल तर सतीशिळा. १५ डिसेंबर १७४९ ला शाहू महाराज गेले आणि त्यांच्या राणी सकवारबाई माहुलीलाच सती गेल्या, हे ठाऊक असलं की असा हात बघून पाय थबकतो.

महाराणी ताराबाईंच्या समाधीसाठी गावातलं माणूस सोबत घ्याच. कुणी दाखवल्याशिवाय कळत नाही. औरंगजेबाशी सात वर्षं झुंजलेली बाई, पानिपत झालं त्याच १७६१ च्या डिसेंबरात गेली. तिच्यासाठी एवढंसंच? मला दरवर्षी राग येतो. शाहू महाराजांच्या आई येसूबाई, त्यांची समाधीही माहुलीतच. १६८९ ते १७१९, तीस वर्षं मोगलांच्या कैदेत काढून त्या परतल्या होत्या.

मग विश्वेश्वराचं देऊळ बघा. पलीकडच्या क्षेत्र माहुलीला वेळ असेल तर जा, रामशास्त्री प्रभुण्यांचं गाव आहे.

एक लक्षात ठेवा, सातारकरांची कैलास स्मशानभूमी इथंच आहे. अंत्ययात्रा आली तर बोलणं थांबवून बाजूला व्हा, मोबाइल खिशात.

समाधीवर हळदकुंकू, हार काही वाहू नका, असं पोरांना बजावतो. परवा मात्र खंड्यापुढे कुणीतरी पारले-जीचा पुडा ठेवला होता. तो मी उचलला नाही.